क्रोम-थ्री, क्रोम-सिक्स

सकाळी ९. काल क्रोमियम दिलेली प्लेट इन्क्युबेटरमधून काढली. फुफ्फुसाच्या ए५४९ पेशी. वरच्या रांगांना क्रोमियम क्लोराइड, म्हणजे क्रोम-थ्री; खालच्यांना पोटॅशियम डायक्रोमेट, क्रोम-सिक्स. क्रोमियम दोन्हीकडे सारखंच. डायक्रोमेटच्या एका रेणूत क्रोमियमचे दोन अणू असतात. स्टॉक करताना नवी मुलं हमखास इथेच घसरतात. मायक्रोस्कोपखाली वरच्या पेशी ऐसपैस पसरलेल्या, खालच्या बऱ्याचशा गोल होऊन तळापासून सुटलेल्या.

१०. एमटीटी घातलं. जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. आता तीन तास थांबणं आलं.

११. चहा. "मॅडम, धातू तोच, मग एवढा फरक कसा?" क्रोमेटची घडण सल्फेटसारखी. सल्फेट आत घेणारी प्रथिनं फसतात आणि क्रोमेटलाही आत घेतात. क्रोम-थ्रीला ही वाट नाही, ते बहुतेक बाहेरच राहतं. खरी गंमत पुढेच. आत गेलेल्या क्रोम-सिक्सचं क्षपण होत होत शेवटी क्रोम-थ्रीच होतं, आणि डीएनएला चिकटतं ते हेच! शरीरात हे क्षपण मुख्यतः क जीवनसत्त्व करतं. प्लेटमधल्या पेशींत मात्र ते जवळजवळ नसतंच. म्हणून प्लेटवरचे आकडे थेट माणसाला लावणारे पेपर मी जरा हात राखूनच वाचते.

१२. स्टॉकची तपासणी. डायफिनाइलकार्बाझाइडने जांभळा रंग आला, म्हणजे क्रोम-सिक्स शाबूत आहे. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यालाही आपल्याकडे मर्यादा दोन आहेत: एकूण क्रोमियम लिटरला २ मिलिग्रॅम, क्रोम-सिक्स फक्त ०.१. नुसता 'एकूण'चा आकडा लिहिलेला अहवाल माझ्या काही कामाचा नाही.

दुपारी १.३०. मीडिया काढला, डीएमएसओ घातलं, ५७० नॅनोमीटरला रीडिंग. वर जांभळं, खाली फिकट. सकाळी दिसलं तेच.

४. उरलेल्या डायक्रोमेटची विल्हेवाट, हूडमध्येच. वायू नाकाला झोंबतो. आम्ल, मग सोडियम मेटाबायसल्फाइट. नारिंगी द्राव हिरवा झाला की अल्कली घालून गाळ बसवायचा.

५.३०. नव्या प्लेटमध्ये पेशी पेरल्या. उद्या निम्म्यांना आधी क जीवनसत्त्व द्यायचं, धुवायचं आणि मगच क्रोमियम. न धुता दिलं तर क्षपण बाहेर मीडियातच उरकेल.