डोक्यातील जट : निदान व उपचार

डोक्यावरील केस एकमेकांत गुंतून त्यांचा दोरखंडासारखा घट्ट गठ्ठा बनतो, त्यास ग्रामीण महाराष्ट्रात जट म्हणतात. वैद्यकशास्त्रात या विरळ विकारास 'प्लायका पोलोनिका' असे नाव आहे. पूर्वी पोलंडमध्ये तो पुष्कळ आढळे आणि जट कापल्यास अनर्थ ओढवतो, असा समज तेथेही होता. १९ व्या शतकात क्राकोव येथील डॉ. युझेफ डीट्ल यांनी अस्वच्छता हे त्याचे कारण असल्याचे सांगून या समजाविरुद्ध मोहीम चालविली.

दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकात मात्र जट म्हणजे यल्लम्मा देवीचे बोलावणे, अशी समजूत रूढ झाली. तिच्यापायी अनेक मुली देवीस सोडण्यात आल्या.

केसाचे बाह्य आवरण सूक्ष्म खवल्यांचे असते. विंचरणे बंद पडले की हे खवले परस्परांत अडकतात. उवा, जखमेतील लस, धूळ व तेल यांमुळे गुंता अधिकच घट्ट होतो. दीर्घ आजारपण किंवा मानसिक विकार यांमुळेही केसांची निगा राहत नाही व जट होते.

जट नजरेनेच ओळखता येते. तथापि तिच्याखालील त्वचा तपासणे अगत्याचे असते. तेथे उवा, पू किंवा गजकर्ण असू शकते. गजकर्णाचा संशय असल्यास केस व खपली यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्यावी.

नुकताच झालेला गुंता तेल लावून बोटांनी हलकेच सोडविता येतो. जुनी जट मात्र कापावीच लागते. त्वचेबाहेरील केस निर्जीव असल्याने कापताना वेदना होत नाहीत व रक्तही येत नाही. मुळे शाबूत असल्याने नवे केस नेहमीसारखे वाढतात आणि मानेवरील भारही उतरतो. उवांसाठी १ टक्का परमेथ्रिनचे औषध वापरतात. जखमा व गजकर्ण यांवर डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार करावेत. मानसिक विकार असल्यास त्यावरही उपचार आवश्यक आहेत, अन्यथा जट पुन्हा होते.

जट कापण्यात खरी अडचण असते ती भीतीची. म्हणून सक्ती न करता त्या स्त्रीची व घरच्यांची समजूत घालून, तिच्या संमतीनेच जट काढावी. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी याच मार्गाने अनेक स्त्रियांना जटमुक्त केले आहे. देवदासी प्रथा नष्ट करण्यासाठी राज्याने २००५ चा अधिनियम केला असून मुलीस देवीस वाहणे हा गुन्हा आहे. एखाद्या विद्यार्थिनीच्या केसांत गुंता दिसताच शिक्षकांनी व पंचायत सदस्यांनी तिच्या पालकांना प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखविली, तर जट वाढण्यापूर्वीच तिची सुटका होईल.