पीसीओएस असताना दिवस राहिले? फाईल कपाटात ठेवू नका

लग्नाला चार वर्षं झालेली असतात. पाळी कधी दोन महिन्यांनी, कधी तीन महिन्यांनी. घरात आधी कुजबुज, मग टोमणे. सोनोग्राफी होते, गोळ्या आणि इंजेक्शनं सुरू होतात आणि एक दिवस किटवर दोन रेषा उमटतात. पेढे वाटले जातात, आणि पीसीओएसची फाईल कपाटात जाते ती कायमची. कित्येकदा सासरी हा आजार सांगितलेलाच नसतो, त्यामुळे नाव नोंदवताना सासू सोबत असली की डॉक्टरांपुढेही तो विषय निघत नाही. मूल राहिलं म्हणजे पीसीओएस संपला, असं सगळेच धरून चालतात. तसं नसतं.

मुळात पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम हे नावच दिशाभूल करणारं आहे. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसतात, अर्धवट वाढून थांबलेल्या बीजपेशींच्या त्या पिशव्या असतात. खरा बिघाड हार्मोनचा, आणि बहुतेकींमध्ये इन्सुलिनचा असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन तयार करतं. जास्तीच्या इन्सुलिनमुळे अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या दहातल्या किमान एकीला हा त्रास आहे आणि जवळपास ७० टक्के जणींना त्याचं निदानच झालेलं नाही. तो फक्त जाड बायकांना होतो, हाही गैरसमजच. सडपातळ बाईतही हाच बिघाड असू शकतो.

गर्भारपणात वारेतून येणारी हार्मोन्स प्रत्येकच बाईच्या शरीरात इन्सुलिनचा परिणाम कमी करतात, म्हणजे बाळाला साखर पुरते. जिच्यात हा परिणाम आधीच कमी आहे, तिच्यावर दुहेरी भार पडतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००६ मध्ये १५ अभ्यासांची आकडेवारी एकत्र तपासली. पीसीओएस असलेल्यांमध्ये गर्भारपणातल्या मधुमेहाची शक्यता सुमारे तिप्पट, रक्तदाब आणि प्रीएक्लॅम्प्सियाची साडेतीनपट, तर वेळेआधी प्रसूतीची पावणेदोनपट आढळली. बाळाला अतिदक्षता विभागात ठेवावं लागण्याचं प्रमाणही दुपटीहून जास्त होतं. गर्भपाताचा धोकाही थोडा वाढतो. अर्थात 'तिप्पट' वाचून घाबरून जाऊ नये. बहुतेकींची बाळंतपणं नीट पार पडतात. फक्त या गर्भारपणावर नेहमीपेक्षा जास्त लक्ष हवं.

सगळ्यात सोपी आणि तरी सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट म्हणजे तारीख. शेवटच्या पाळीवरून बाळंतपणाची तारीख काढतात, तेव्हा पाळी २८ दिवसांची धरलेली असते. जिची पाळी ४५ दिवसांनी येते, तिचं बीज साधारण ३१ व्या दिवशी सुटतं. म्हणजे कागदावरचं बाळ खऱ्या बाळापेक्षा १७ दिवसांनी मोठं असतं. मग सातव्या-आठव्या महिन्यात 'बाळ वाढत नाही' म्हणून घरभर काळजी. शेवटी 'एक आठवडा वर गेला' म्हणून कळा आणण्याची औषधं दिली जातात आणि बाळ प्रत्यक्षात साडेअडतीस आठवड्यांचंच असतं. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी करून तीच तारीख धरायची. पाळी किती दिवसांनी येते, हे डॉक्टरांना विचारल्याशिवायही सांगा. उपचार घेऊन दिवस राहिले असतील तर उपचाराची तारीख दाखवा.

दुसरी गोष्ट साखर. सरकारी दवाखान्यात ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. साखर १४० किंवा जास्त आली तर गर्भारपणातला मधुमेह धरतात. ही तपासणी पहिल्याच भेटीत झाली पाहिजे, आणि ती चांगली आली तरी २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. पीसीओएसबद्दलच्या २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना तर सांगतात की दिवस राहण्याआधीच ती करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात मोफत तपासणी होते. तिथे माता-बाल संरक्षण कार्डावर 'पीसीओएस' असं लिहून घ्या. प्रसूतीच्या रात्री ड्युटीवर कोण असेल ते आपल्याला माहीत नसतं, पण कार्ड सोबत असतं.

साखरेचा बाळाशी काय संबंध? आईची जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जादा इन्सुलिन तयार करतं आणि अंगाने वाढतं. प्रसूतीत खांदा अडकू शकतो, सिझेरियनची वेळ येऊ शकते. नाळ कापली की आईकडून येणारी साखर एकदम थांबते, पण बाळाच्या रक्तात इन्सुलिन तेवढंच असतं. अशा बाळाची साखर पहिल्या काही तासांत घसरते. थरथर, सुस्ती, दूध न ओढणं ही त्याची लक्षणं, पण काही वेळा लक्षण दिसतही नाही. म्हणून आईला मधुमेह असेल तर बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन साखर तपासतात. घाबरू नका, नाहीही म्हणू नका. पहिल्या तासात अंगावर पाजावं. मध, गुळपाणी, घुटी काहीही नको, घरातल्या मोठ्यांनी कितीही आग्रह केला तरी.

रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजून घ्यावा. विसाव्या आठवड्यानंतर सतत डोकं दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्यावर सूज यांपैकी काही झालं तर पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. धोका जास्त वाटल्यास डॉक्टर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासूनच कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. ती आपल्या मनाने घेऊ नये.

मेटफॉर्मिनबद्दल बऱ्याच जणी विचारतात. दिवस राहिल्यावर ती घ्यायची की थांबवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. नॉर्वेतल्या चाचण्यांमध्ये या गोळीने गर्भारपणातला मधुमेह टळला नाही. उशिरा होणारे गर्भपात आणि अकाली प्रसूती काहीशा कमी दिसल्या, पण २०१९ च्या चाचणीत हा फरक पक्का म्हणावा एवढा नव्हता. त्यापेक्षा जेवणानंतरचं चालणं, भाताबरोबर डाळ-उसळ आणि भाजीचं प्रमाण वाढवणं आणि 'दोन जिवांचं' म्हणून तुपाचे लाडू न लादणं, यांचा उपयोग भरवशाचा आहे.

बाळंतपणानंतर काहींना दूध कमी येतं. त्याला आईचा हलगर्जीपणा कारण नसतो, हार्मोन असू शकतात. वारंवार पाजणं आणि लवकर मदत मागणं हाच उपाय. उदासी आणि चिंताही पीसीओएस असलेल्यांमध्ये जास्त दिसते, म्हणून 'सगळं मिळालं, आता कशाला रडतेस' असं तिला बोलू नये. गर्भारपणात मधुमेह झाला असेल तर सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची, आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी. मुलगी झाली तर तिच्या पाळीकडे वेळ आली की लक्ष ठेवायचं, कारण हा त्रास घराण्यात चालतो.

आणखी एक. पहिल्या वेळी एवढे उपचार लागले म्हणून आता दिवस राहणारच नाहीत, असं समजून अनेक जोडपी काहीच साधन वापरत नाहीत. पाळी अनियमित असली तरी बीज सुटतं, फक्त केव्हा ते कळत नाही. दोन बाळंतपणांत अंतर हवं असेल तर दवाखान्यातून घरी जाण्याआधीच त्याबद्दल विचारून घ्या.