जिप्सीचे ९० मिलिमीटर

मारुतीची जिप्सी १९८५ साली आली, तेव्हा तिच्या पुढच्या दोन चाकांमधलं अंतर होतं १२१० मिलिमीटर. बांधा उंच, बूड अरुंद. रानातल्या वाटेला आणि चढाला तिचा हात धरणारी गाडी नव्हती. जोरात घेतलेल्या वळणावर मात्र मागे बसलेला माणूस दांडी घट्ट धरायचा. १९९३ मध्ये कंपनीने ॲक्सल रुंद केले, हे अंतर १३०० झालं आणि बाहेर आलेली चाकं झाकायला मडगार्डवर फुगीर कडा बसल्या. जिप्सीवाले तिला आजही ‘वाइड ट्रॅक’ म्हणतात.

डाव्या-उजव्या टायरच्या मध्यरेषांमधलं अंतर म्हणजे ट्रॅक. हलत्या एसटीत आपण पाय फाकवून उभे राहतो, तसंच हे काम. गाडी वळली की आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. समजा, गाडी हजार किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७० सेंटिमीटर वर, आणि वळणावरचा आडवा जोर वजनाच्या निम्मा. १२१०च्या ट्रॅकवर २८९ किलो भार सरकतो, १३००वर २६९. फक्त वीस किलो! पण टायरचा हिशेब सरळ नसतो. भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही. बाहेरचा टायर दबून जेवढं कमावतो, त्याहून जास्त आतला टायर हलका होऊन घालवतो. म्हणून हे वीस किलो कामाचे.

गॅरेजात हेच काम तासाभरात होतं. हब आणि चाकाच्या मध्ये स्पेसरची चकती घालायची, किंवा कमी ऑफसेटचे अलॉय बसवायचे. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरचे स्पेसर म्हणजे ट्रॅक ४०ने वाढला; आपल्या जुन्या जिप्सीत सुमारे नऊ किलोंचा फायदा. कंपनीने ॲक्सलच रुंद केला होता. इथे चाक तेवढं बाहेर जातं, बाकी सगळं जागच्या जागी. मग बेअरिंगवर तिरपा ताण येतो आणि ते लवकर वाजायला लागतं. स्टड तेवढेच ठेवले तर नट पुरेशा आट्यांवर बसत नाही, आणि ही बाब थट्टेवारी न्यायची नव्हे. स्टिअरिंग ज्या रेषेभोवती फिरतं, तिच्यापासून टायर लांब जातो; एक चाक खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग हाताला झटका देतं. पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो, ते वेगळंच. गाडी ‘भरलेली’ दिसते म्हणून स्पेसर घालणारे पुष्कळ; त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

ज्याला खरोखर वळणं सुधारायची आहेत, त्याने आधी उंचीकडे बघावं. ट्रॅक १२१०च ठेवून गुरुत्वमध्य फक्त पाच सेंटिमीटर खाली आणला, तरी सरकणारा भार २६९ किलोंवरच येतो. कंपनीने ९० मिलिमीटर वाढवून जे साधलं, तेच. अर्थात जिप्सी खाली बसवली तर तिचं जिप्सीपणच गेलं, म्हणून तिथे रुंदी वाढवणंच शहाणपणाचं होतं. शहरातल्या हॅचबॅकला ती अडचण नाही. तिला चांगले टायर, योग्य हवा आणि धड शॉकॲब्सॉर्बर एवढं आधी द्यावं.

आणि टपावरचा कॅरिअर? त्याच हिशेबात १३००च्या जिप्सीवर, जमिनीपासून १९० सेंटिमीटरवर, पन्नास किलो सामान बांधा. सरकणारा भार ३०६ किलो होतो, म्हणजे रिकाम्या टपाच्या जुन्या अरुंद जिप्सीपेक्षाही जास्त.