स्वस्त विमानाचे तिकीट : स्वस्त कुठे, महाग कुठे?

विमानप्रवास ही एकेकाळी बड्या लोकांची मिरासदारी होती. आता ती स्थिती राहिलेली नाही. भिवंडी-मालेगावचा कापड व्यापारी कोलकात्याच्या गिऱ्हाइकाला भेटायला विमानाने जातो. रत्नागिरी, महाड, मुंब्रा येथील सुतार, वेल्डर, वायरमन आखातात कामाला जातात तेही विमानानेच. यांपैकी बहुतेकांचा संबंध येतो तो कमी भाड्याच्या कंपन्यांशी. मग परतल्यावर तक्रारी ऐकू येतात. सीट मळकी होती, संडासाकडे बघवत नव्हते, चहासुद्धा विकत घ्यावा लागला, रांगेत तासभर उभे केले आणि शेवटी सामानाचे वेगळे पैसे घेतले.

यांतील काही तक्रारी अगदी रास्त आहेत, तर काही गैरसमजातून येतात. आपण पैसे कशाचे दिले आणि कशाचे दिले नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच हक्काने भांडता येते. म्हणून या धंद्याचे गणित आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न.

धंद्याचे गणित

कमी भाड्याच्या विमानसेवेचा नमुना अमेरिकेतील साउथवेस्ट या कंपनीने घालून दिला. टेक्सास राज्यात १९७१ साली तिची उड्डाणे सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशांच्या तंगीमुळे तिला आपल्या चार विमानांपैकी एक विकावे लागले. मात्र फेऱ्या कमी करायच्या नव्हत्या. तेव्हा उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उडवायचे, असे तिने ठरवले आणि तीन विमानांत चार विमानांचे काम भागवले. आयर्लंडच्या रायनएअरने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीस हाच मार्ग धरला. भारतात एअर डेक्कनने ऑगस्ट २००३ मध्ये सुरुवात केली. त्याच वर्षी शारजाहून एअर अरेबिया उडू लागली. २००५ साली एअर इंडिया एक्सप्रेस व स्पाइसजेट, तर २००६ साली इंडिगो आली.

यंत्रमागवाल्यांना हे गणित चटकन समजेल. माग बंद असला तरी जागेचे भाडे आणि कर्जाचे व्याज थांबत नाही. विमानाचेही तसेच आहे. जमिनीवर उभे असलेले विमान एक पैसा कमावत नाही. म्हणून या कंपन्या विमान उतरल्यापासून पुन्हा सुटेपर्यंतचा वेळ पंचवीस-तीस मिनिटांवर आणू पाहतात. दुसरी गोष्ट म्हणजे आसने वाढवणे. एअरबस ३२० या विमानात दोन वर्ग ठेवले तर सुमारे १५० माणसे बसतात. सर्व आसने एकाच वर्गाची केली की १८० ते १८६ बसतात. तिसरी गोष्ट म्हणजे जेवण, जादा सामान, पसंतीची जागा हे सारे तिकिटातून वेगळे काढून स्वतंत्रपणे विकणे. कमी नफा आणि जास्त विक्री हे तत्त्व आपल्या बाजारपेठेलाही नवीन नाही.

स्वच्छता : चूक कोणाची?

आता मळक्या सीटचे कारण उघड होईल. पंचवीस-तीस मिनिटांत १८० माणसे उतरतात, त्यांचे सामान निघते, इंधन भरले जाते, नवीन सामान चढते आणि दुसरी १८० माणसे बसतात. मधल्या काही मिनिटांत जी झाडलोट होईल तीच. बऱ्याच कंपन्यांत कचरा गोळा करण्याचे काम विमानातील कर्मचारीच करतात. कसून सफाई व्हायची ती विमान रात्री मुक्कामाला असताना. म्हणून सकाळच्या पहिल्या फेरीचे विमान बहुधा स्वच्छ मिळते आणि संध्याकाळच्या फेरीला दिवसभराचा कचरा सीटच्या खाचेत सापडतो. रायनएअरने यावर वेगळाच तोडगा काढला. २००४ पासून घेतलेल्या आपल्या विमानांत तिने सीटमागचे कप्पेच ठेवले नाहीत. कप्पा नाही तर कचराही नाही आणि साफ करण्याचा वेळही नाही.

हवेविषयी मात्र विनाकारण भीती बाळगली जाते. आजच्या जेट विमानांत फिरवलेली हवा बारीक गाळणीतून जाते. ही गाळणी सूक्ष्म कणांपैकी ९९.९७ टक्के कण अडवते आणि दोन-तीन मिनिटांत केबिनमधील सारी हवा बदलते. खरी घाण हात लागतो तिथे असते. समोरचे घडीचे टेबल, पट्ट्याचे बक्कल आणि संडासाची कडी या त्या जागा. एक ओला रुमाल जवळ ठेवला तर निम्मा प्रश्न सुटतो.

संडासाचे गणितही पाहावे. अशा विमानात १८० माणसांमागे बहुधा तीनच संडास असतात. पाण्याची टाकी सुमारे २०० लिटरची, म्हणजे माणशी लिटरभर पाणी. नळाची धार बारीक असते ती यामुळेच. हे पाणी पिऊ नये. स्वच्छतेसाठी पाणी लागणाऱ्यांनी सुरक्षा तपासणीनंतर लहान बाटली भरून घ्यावी. वजू विमानतळावरच करून घेणे सोयीचे, म्हणजे आपलीही अडचण होत नाही आणि मागच्या प्रवाशाला ओली फरशी मिळत नाही.

पण स्वस्त तिकीट म्हणजे घाण सोसण्याचा करार नव्हे. बाकू येथून दिल्लीला येणाऱ्या इंडिगोच्या विमानात २ जानेवारी २०२५ रोजी एका महिला प्रवाशाला डाग पडलेली अस्वच्छ सीट मिळाली. आपण दुसरी जागा दिली होती, असे कंपनीचे म्हणणे होते. तरीही नवी दिल्लीच्या जिल्हा ग्राहक आयोगाने २०२५ च्या जुलैमध्ये सेवेतील त्रुटी मान्य केली आणि दीड लाख रुपये भरपाई व २५ हजार रुपये खर्च देण्याचा आदेश दिला. जेवण वेगळे विकता येते, स्वच्छता वेगळी विकता येत नाही, हा यातला बोध.

चढण्याची रांग

विमानात चढताना वेळ जातो तो चालण्यात नव्हे, तर सामान ठेवण्यात. एक माणूस वरच्या कप्प्यात पिशवी कोंबत उभा राहिला की मागची सारी रांग अडते. जेसन स्टेफन या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने २००८ साली हिशेब करून दाखवले की, मागच्या रांगांपासून पुढे अशी माणसे सोडण्याची रूढ पद्धत मुळीच जलद नाही. एकाच ठिकाणी सर्वांची गर्दी होते. खिडकीवाले आधी, मग मधले, शेवटी वाटेकडचे, आणि तेही एकाआड एक रांगांतून सोडले तर काम लवकर उरकते. प्रत्यक्षात कुटुंबे एकत्र चढतात, म्हणून ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. पण जागा ठरलेली असताना गेटवर धक्काबुक्की करून काहीच लाभ नाही, एवढे त्यातून घ्यावे.

फिरत्या पुलाऐवजी बसने नेऊन शिडीने का चढवतात, असेही विचारले जाते. पुलाचे भाडे विमानतळाला द्यावे लागते, हे एक कारण. दुसरे असे की, शिडी लावली तर पुढच्या व मागच्या दोन्ही दारांनी माणसे घेता येतात. वृद्ध आईवडील बरोबर असतील तर चाकांच्या खुर्चीची मागणी तिकीट काढतानाच नोंदवावी.

सर्वांत जास्त नुकसान होते ते वेळेच्या गैरसमजाने. देशातील उड्डाणासाठी सामानाचा काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो. आखाताच्या उड्डाणासाठी त्याहूनही लवकर. गेट सुमारे २५ मिनिटे आधी बंद होते. बोर्डिंग पास हातात आहे म्हणून विमान थांबत नाही. मुंबईसारख्या विमानतळावर ध्वनिक्षेपकावरून नेहमीच्या घोषणा होत नाहीत. म्हणून फलकाकडे लक्ष ठेवावे, कारण गेट ऐनवेळी बदलते.

तिकिटाबाहेरचा खर्च

देशांतर्गत स्वस्त तिकिटात सामान्यतः १५ किलो सामान आणि हातात ७ किलो, एवढीच मुभा असते. व्यापाऱ्याजवळ नमुन्यांची बॅग असते. काउंटरवर वजन जास्त भरले की किलोमागे जो दर द्यावा लागतो तो आधी घेतलेल्या जादा वजनापेक्षा बराच महाग पडतो. घरीच काट्यावर वजन करावे आणि लागेल तेवढे वजन तिकिटाबरोबरच घ्यावे. जागा निवडण्याचेही पैसे असतात. कोणतीही जागा चालत असेल तर ती न निवडता आपोआप मिळणारी घ्यावी. त्याला शुल्क नाही.

कारागिरांनी कात्री, हातोडी, पाना, छिन्नी ही हत्यारे हातातल्या पिशवीत नेऊ नयेत. ती काउंटरवर द्यायच्या सामानात घालावीत. पॉवर बँक मात्र उलट, हातातच ठेवावी लागते. अत्तराच्या व्यापाऱ्यांनी ध्यानात घ्यावे की, वैयक्तिक वापरासाठी एका बाटलीत अर्धा लिटर आणि एकूण दोन लिटर ही मर्यादा आहे. विक्रीचा माल मालवाहतुकीनेच पाठवावा. कोकणातून सुके खोबरे नेणाऱ्यांना ते विमानतळावरच टाकून द्यावे लागते, कारण तेलामुळे ते ज्वालाग्राही मानले जाते.

एक फायद्याची गोष्ट बरेच जण विसरतात. साध्या वर्गाच्या तिकिटावर ५ टक्के जीएसटी असतो. प्रवास धंद्यासाठी असेल तर तिकीट काढतानाच आपला जीएसटी क्रमांक द्यावा व कंपनीकडून बीजक मागून घ्यावे. नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्या कराची वजावट मिळू शकते. प्रवास झाल्यावर क्रमांक घालणे अवघड जाते.

उशीर झाला, विमान रद्द झाले, तर?

येथे नियम प्रवाशाच्या बाजूने आहेत, पण माहीत नसल्याने ते वापरले जात नाहीत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने हे नियम २०१० साली केले आणि २०१६ साली भरपाईची रक्कम वाढवली. त्यांतील ठळक गोष्टी अशा :

• अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला तर कंपनीने खाणेपिणे द्यायचे. लांबच्या उड्डाणाला ही मुदत तीन किंवा चार तासांची आहे.

• सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतील निवड प्रवाशाने करायची.

• रद्द झाल्याचे २४ तास आधीही कळवले नाही तर पर्यायी विमान किंवा पैसे परत, शिवाय उड्डाणाच्या लांबीनुसार ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई. मूळ भाडे व इंधन आकार मिळून त्याहून कमी असेल तर तेवढीच रक्कम मिळते.

• पक्के तिकीट असून आणि वेळेवर हजर राहूनही जागा नाही म्हणून चढू दिले नाही, आणि तासाभरात सुटणारे दुसरे विमानही दिले नाही, तर भरपाई २०,००० रुपयांपर्यंत जाते.

धुके, वादळ, दंगल यांसारखे कारण कंपनीच्या हाताबाहेरचे असेल तर भरपाई नाही. आणखी एक अट महत्त्वाची आहे. प्रवाशाने आपला संपर्क क्रमांक दिलेला नसेल तरी भरपाई नाही. पुष्कळ एजंट तिकिटावर स्वतःचाच नंबर घालतात. विमान बदलल्याचा संदेश एजंटकडे पडून राहतो आणि प्रवासी विमानतळावर. आपला नंबर तिकिटावर आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे.

हा धोका कागदावरचा नाही. जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले इंडिगोचे विमान धुक्यामुळे मुंबईला वळवले गेले आणि कंटाळलेले प्रवासी धावपट्टीजवळच्या जागेत जमिनीवर बसून जेवले. त्याबद्दल कंपनी व मुंबई विमानतळ या दोघांनाही दंड झाला. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम पाळण्याइतके वैमानिक नसल्याने इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. गो फर्स्टने तर मे २०२३ मध्ये उड्डाणेच थांबवली आणि दिवाळखोरीत गेली. आगाऊ रक्कम भरून बसलेल्या प्रवाशांचे व एजंटांचे पैसे अडकले. म्हणून आमच्या ट्रॅव्हल एजंट बांधवांनी एकाच कंपनीकडे मोठी रक्कम आगाऊ ठेवू नये. आणि आखातात हजर होण्याची तारीख, प्रदर्शन किंवा सौदा ठरलेला असेल तर त्याच दिवसाचे शेवटचे स्वस्त विमान घेऊ नये. हजार रुपये वाचवताना महिन्याची मजुरी किंवा वर्षाचे गिऱ्हाईक जाण्याची भीती असते.

तक्रार कशी करावी

सीट अस्वच्छ असेल तर बसण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्यावा आणि कर्मचाऱ्याला लगेच सांगावे. सामान फुटले किंवा आले नाही तर विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी लेखी नोंद करून तिची प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात फुटलेल्या सामानाची लेखी तक्रार ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत करावी लागते. बोर्डिंग पास व सामानाची चिठ्ठी फेकू नये. आधी कंपनीला लिहावे, मग सरकारच्या एअरसेवा यंत्रणेकडे किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनकडे जावे. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तेथे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही.

शेवटी व्यापारी या नात्याने एक विचार. या कंपन्यांनी गिऱ्हाइकाला नको असलेला खर्च कापला म्हणून गरिबाला विमान परवडले, ही त्यांची कमाई खरी आहे. पण जिथे त्यांनी सफाई, पुरेशी माणसे आणि खरी माहिती यांतही काटकसर केली, तिथे त्यांना दंड भरावा लागला आणि नावही गेले. आपले हॉटेल असो, बससेवा असो की शिवणकामाचे दुकान, कात्री कुठे लावायची आणि कुठे नाही, हे यावरून ठरवता येईल. आणि विमानाचे तिकीट काढताना भाड्याच्या आकड्याबरोबर सामानाचे वजन, गेटची वेळ आणि आपला फोन नंबर या तीन गोष्टी जरूर तपासाव्यात.