झेरॉक्स कुठवर चालते?

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात किंवा नगरच्या महाविद्यालयात शिकताना पुस्तकातली प्रकरणे झेरॉक्स करावीत का? अभ्यासक्रमाला लागणारी जरूर करावीत. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अध्यापनासाठी तशी मुभा देते. दिल्ली विद्यापीठाच्या खटल्यात तिथल्या उच्च न्यायालयाने २०१६मध्ये हीच बाजू उचलून धरली. महागडी पुस्तके न परवडणाऱ्या मुलांना हा फार मोठा आधार आहे. तीच पाने सर्वांसाठी इंटरनेटवर टाकणे मात्र त्यात बसत नाही.

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा कॉपीराइटचा हक्क संपतो. नगरमध्ये राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळक १९३६मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र आज सर्वांसाठी खुले आहे. नव्या आवृत्तीची प्रस्तावना, टिपा, अनुवाद यांवर मात्र त्या त्या लेखकाचा हक्क असू शकतो. तो आधी तपासावा.