कोड फुकट, राखण कोणाची?

जव्हार तालुक्यातलं वावर असो की मोखाड्याचा एखादा पाडा, सरपण, मोहाची फुलं, कारवी सगळ्यांनाच लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, की ते जंगल कसं राखायचं हे ग्रामसभा ठरवते. ज्याचा कोड कुणालाही वापरता येतो, ते ओपन सोर्स सॉफ्टवेअर कशामुळे टिकतं, याचा एक शोधही अशाच जंगलांच्या अभ्यासातून सुरू झाला, ही गंमतच.

सामाईक संपत्ती वापरणारेच नियम करतात आणि पाळतात तिथे ती टिकते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं. २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या इंडियाना विद्यापीठात चार्ल्स श्वाइक या संशोधकाने नेपाळमधल्या सालवनांवर संशोधन केलं. पुढे तेच भिंग घेऊन रॉबर्ट इंग्लिश यांच्यासह ते सोर्सफोर्ज या संकेतस्थळावरच्या १,७०,००० हून अधिक ओपन सोर्स प्रकल्पांकडे वळले. बहुतेक प्रकल्प अर्ध्यावरच सोडलेले निघाले. तगलेल्यांतही माणसं थोडीच होती. पण दिशा ठरवणारं कुणीतरी होतं आणि लिहिणाऱ्यांना ते सॉफ्टवेअर स्वतःलाच हवं होतं. व्यवसायाचा कारभार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा मुंबईतला ‘ईआरपीनेक्स्ट’ प्रकल्प तसाच. ऋषभ मेहता यांना घरच्या फर्निचर व्यवसायात आलेल्या अडचणीतून तो जन्मला.

जंगलात आणि कोडमध्ये फरक एकच, पण मोठा. लाकूड तोडलं की कमी होतं. कोडच्या कितीही प्रती काढा, तो तेवढाच राहतो. आटतो तो सांभाळणाऱ्याचा वेळ. ‘एक्सझेड’ ही फायली आवळून लहान करणारी छोटी प्रणाली जगभरच्या लिनक्स संगणकांत आहे. लासे कोलिन ती वर्षानुवर्षं जवळपास एकट्याने, विनामोबदला सांभाळत होते. ते थकल्यावर ‘जिया टॅन’ नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षांत विश्वास कमावला आणि २०२४ मध्ये चोरदार बसवलं. सर्व्हरवर लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलापोटी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते पकडलं. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

फुकट मिळतं म्हणून असं सॉफ्टवेअर घेणाऱ्या कंपन्यांनी, महाविद्यालयांनी आणि सरकारी खात्यांनी अंदाजपत्रकात त्याच्या देखभालीसाठी रक्कम धरावी. तेवढी ऐपत नसेल, तर सापडलेली चूक निदान नीट लिहून कळवावी.