हिंवाळ्यांतील घोडा : आंत कीं बाहेर ?

मुंबईच्या वाचकास हिंवाळा म्हणजे घोड्यांच्या सुखाचा काळ वाटल्यास नवल नाहीं. पावसाळ्यांतील पुण्याच्या शर्यती आटोपतात, नोव्हेंबरपासून महालक्ष्मीच्या मैदानावर घोडे धावूं लागतात. हवा कोरडी, जमीन टणक आणि लहानांत लहान दिवसहि अकरा तासांचा. इंग्लंडमध्यें याच्या अगदीं उलट स्थिति असते. तेथें डिसेंबरच्या अखेरीस लंडनच्या आसपास सूर्य पुरते आठ तासहि क्षितिजावर राहत नाहीं. पावसाची झिमझिम चालू असते, कुरणें पाण्यानें थबथबलेलीं असतात, आणि घोडा पाळणाऱ्या कुटुंबांत दररोज सकाळीं एकच प्रश्न निघतो : आज घोडा बाहेर सोडावयाचा, कीं तबेल्यांतच ठेवावयाचा ? प्रश्न दिसावयास लहान आहे. परंतु एका मुक्या जनावराचे चार-पांच महिने सुखाचे जावयाचे कीं बंदिवासाचे, हें त्याच्या उत्तरावर ठरत असतें.

तेथील पुष्कळ घोडेमालकांजवळ स्वतःची जमीन नसते. ते आपला घोडा मासिक भाडें देऊन दुसऱ्याच्या आवारांत ठेवतात. अशा आवारास ‘लिव्हरी यार्ड’ म्हणतात. ‘लिव्हरी’ हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतील ‘हवालीं करणें’ या अर्थाच्या धातूपासून आला असून, घोड्यास मापून द्यावयाचा दाणावैरणीचा शिधा असाहि त्याचा एक जुना अर्थ आहे. या आवारांचे प्रकार अनेक. कोठें चंदी घालण्यापासून खरारा करण्यापर्यंत सर्व कामें यार्डाचे मोतद्दार करतात. त्याचें भाडें अर्थातच जबर. कोठें मालकास फक्त ठाण व कुरणाचा वाटा मिळतो, आणि पहांटे लीद काढण्यापासून रात्रीं पाणी भरण्यापर्यंत सर्व कामें त्यानें आपल्या हातानें करावयाचीं असतात. घोड्यास कुरणांत मोकळें सोडण्यास ‘टर्नआउट’ अशी संज्ञा आहे. उन्हाळ्यांत याविषयीं फारसा वाद होत नाहीं. वाद सुरू होतो तो शरदांतील पावसाबरोबर.

पहिली गोष्ट थंडीची. मनुष्य आपल्या अंगावरून जनावराची परीक्षा करतो, आणि येथेंच पहिली चूक होते. मालकिणीनें लोकरीचा कोट चढविला, कीं घोडाहि कुडकुडत असेल असें तिला वाटतें. वस्तुतः सुमारें ५ ते २५ अंश सेंटिग्रेड एवढ्या उष्णतामानांत निरोगी घोड्यास अंगाची ऊब राखण्यासाठीं वेगळी शक्ति खर्चावी लागत नाहीं. आणि ज्याच्या अंगावर हिंवाळी केंस पुरते वाढलेले आहेत व ज्याचें पोट चाऱ्यानें भरलेलें आहे, असा घोडा गोठणबिंदूच्या खालची कोरडी थंडीहि सहज सोसतो.

हे केंस केवळ थंडीच्या धाकानें वाढतात असें नव्हे. दिवस लहान होऊं लागले आणि डोळ्यांत शिरणारा प्रकाश कमी झाला, कीं शरीरास त्याची वर्दी मिळते व कडाक्याची थंडी पडण्यापूर्वींच अंगावर दाट केंस येऊं लागतात. गारठा वाढला म्हणजे एकेक केंस ताठ उभा राहतो आणि केंसांच्या मध्यें हवेचा थर कोंडला जातो. रजईंतील कापूस जें काम करतो, तेंच काम हे केंस करतात. कातडींतून पाझरणारा तेलकट अंश पावसाचें पाणी वरच्या वर ओघळवून टाकतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येस एक्समूर नांवाच्या माळरानावर जीं तट्टें आहेत, तीं सारा हिंवाळा उघड्यावर काढतात. त्यांच्या अंगावर आंत मऊ लोकरीचा व बाहेर लांब तेलकट केंसांचा असा दुहेरी थर असतो. अशा जनावराच्या पाठीवर पडलेलें बर्फ पुष्कळ वेळ न वितळतां तसेंच राहतें. पाहणाऱ्यास त्याची दया येते. पण अंगांतील ऊब बाहेर निसटत नसल्याची ती खूणच होय.

घोड्याची दुसरी शेगडी त्याच्या पोटांत असते. चाऱ्यांतील चोथा मोठ्या आंतड्यांत सूक्ष्म जंतूंच्या योगानें आंबतो आणि त्या क्रियेंत पुष्कळ उष्णता निर्माण होते. म्हणून थंडीच्या दिवसांत चंदी वाढविण्यापेक्षां वाळलेलें गवत वाढविणें अधिक हिताचें. पांचशें किलोग्रॅम वजनाच्या घोड्यास दिवसाला साडेसात ते दहा किलोग्रॅम सुका चारा लागतो. कडक थंडींत त्याहूनहि अधिक द्यावा लागतो.

मग भय कशाचें ? भय आहे तें वारा आणि पाऊस एकत्र येण्याचें. केंस भिजून अंगास चिकटले म्हणजे त्यांतील हवेचा थर नाहींसा होतो, आणि वारा उरलीसुरली ऊब हिरावून नेतो. स्वच्छ, निवांत, बर्फाळ दिवसापेक्षां झोंबऱ्या वाऱ्याचा पावसाळी दिवस घोड्यास अधिक जाचतो. त्यांतहि म्हातारीं, रोडावलेलीं व आजारी जनावरें आणि पातळ कातडीचे थरोब्रेड जातीचे घोडे यांची काळजी विशेष घ्यावी लागते. शिवाय, ज्या घोड्यांकडून हिंवाळ्यांत भरपूर काम घ्यावयाचें, त्यांचे केंस घामानें भिजून लवकर वाळत नाहींत, म्हणून ते शरदांतच यंत्रानें कातरण्याची चाल आहे. ज्यानें घोड्याचा निसर्गदत्त अंगरखा उतरविला, त्यानें त्याला दुसरा दिलाच पाहिजे. त्यासाठीं पाणी न शिरणारी झूल वापरतात. पूर्वीं ती जाड कॅनव्हासची असे व ‘न्यूझीलंड रग’ या नांवानें ओळखली जाई; हल्लीं ती कृत्रिम धाग्यांची असते. परंतु झुलीवर झूल चढविणें ही माया नव्हे. जड झुलीखालीं केंस दबून निरुपयोगी होतात आणि दुपारचें ऊन पडलें कीं घोडा आंत घामाघूम होतो. खांद्यापाशीं झुलीखालीं हात घालून पाहावा : अंग उबदार व कोरडें लागलें म्हणजे झाले.

आतां तबेल्याच्या आंत काय घडतें तें पाहिलें पाहिजे. साधारण आकाराच्या घोड्यासाठीं बारा फूट लांब व बारा फूट रुंद खोली तेथें पुरेशी मानतात. निजण्यास ती पुरते. जगण्यास पुरत नाहीं. मोकळा घोडा दिवसांतून सोळा तासांपर्यंत चरत असतो आणि चरतां चरतां सारखा पाऊल पुढें टाकीत असतो. त्यालाच दिवसांतून तेवीस तास या चौकोनांत उभें केलें, कीं त्याच्या एकेका अवयवाची तक्रार सुरू होते. चालणें थांबल्यामुळें खालच्या पायांतील रस वर चढत नाहीं व सकाळीं पाय सुजलेले दिसतात. आंतड्यांची हालचाल मंदावते, घोडा पाणी कमी पितो, आणि चारा आंत तुंबून पोटशूळ उठण्याचा धोका वाढतो. त्याच्या जठरांत आम्ल अखंड पाझरत असतें. तें सौम्य करणारी लाळ मात्र चावतांनाच सुटते. चारा संपून तो तासन् तास रिकामा उभा राहिला, तर त्या आम्लानें जठरास व्रण पडूं शकतात. सुक्या गवताची व पेंढ्याची धूळ, तिच्यांतील बुरशीचे कण आणि मूत्रांतून उठणारा अमोनिया यांनीं कोंदलेली हवा फुप्फुसांस बाधते. दम्यानें धापणारे पुष्कळ घोडे मोकळ्या हवेंत ठेवतांच सुधारतात. घोडे ओढकामास जुंपले जात त्या काळीं ‘सोमवारचा आजार’ प्रसिद्ध होता. रविवारीं घोड्यास विश्रांति मिळे, चंदी मात्र पुरी मिळे. आणि सोमवारीं कामास जुंपतांच त्याच्या मागच्या अंगाचे स्नायू लांकडासारखे ताठ होत.

शरीराहूनहि मोठी हानि मनाची होते. घोडा कळपांत राहणारा प्राणी आहे. एकटा कोंडलेला घोडा कधीं दारांत उभा राहून डोकें डाव्या-उजव्या बाजूस अखंड डोलवीत राहतो, कधीं चार भिंतींच्या आंत फेऱ्या घालतो, तर कधीं दाराची कड दातांत धरून वारा गिळतो. पूर्वीं यांना घोड्याच्या ‘खोडी’ म्हणत व त्या मोडण्यासाठीं गळ्याला पट्टे आवळीत. बहुतेक वेळां त्यांचें मूळ घोड्याच्या स्वभावांत नसून कोंडणुकींत असतें, हें आज मान्य झालें आहे. शिक्षा अगोदर आणि तिच्यामुळें घडलेला अपराध मागाहून, असा हा उलटा न्याय होता.

हें सर्व ठाऊक असूनहि घोडे कोंडले जातात, याचें कारण बहुधा क्रौर्य नसतें; कारण असतें पायाखालची जमीन. यार्डाच्या धन्याची बाजूहि ऐकली पाहिजे. कायमच्या चराईसाठीं दर घोड्यामागें एक ते दीड एकर कुरण असावें, असें ब्रिटिश हॉर्स सोसायटी सांगते. इतकी जागा कित्येक यार्डांत नसते. पांचशें किलोग्रॅमांचें वजन चार नाल मारलेल्या खुरांवर तोलून घोडा भिजलेल्या चिकणमातींत धांवूं लागला, कीं हिरवळीचा राबडा होतो. हिंवाळ्यांत गवत वाढत नसल्यानें ही जखम भरून येत नाहीं, आणि वसंतांत त्या जागीं गवताऐवजीं तण माजतें. जानेवारींत कुरण गेलें, तर उन्हाळ्यांत घोड्यांनीं खावें काय ? शिवाय चिखलांत नाल निखळतात, पाय मुरगळतात, आणि ओल्या कातडींत जंतु शिरून घोट्यांवर खपल्या धरतात. यास ‘मड फीव्हर’ म्हणतात. बर्फ गोठून काचेसारख्या झालेल्या जमिनीवर घोडा सोडणें तर उघड धोक्याचें. थंड पण लख्ख उन्हाच्या दिवसांत गवताच्या पात्यांत साखर सांठते, व ज्यांस खुरांच्या दाहाची खोड आहे अशा तट्टांस तें गवत बाधतें. तेव्हां अमुक एक दिवशीं घोडा आंत ठेवणें हें शहाणपणाचेंहि असूं शकतें.

परंतु एका दिवसाची सोय आठवड्याची रीत बनते व आठवड्याची रीत हंगामाचा नियम होऊन बसते, तेव्हां अनर्थ सुरू होतो. आठ दिवस कोंडलेला घोडा नवव्या दिवशीं सोडला, कीं तो उधळतो, लाथा झाडतो, कुंपणावर आपटतो, आणि अर्ध्या तासांत कुरणाची धूळधाण करतो. मग लोक म्हणतात, “पाहा, बाहेर सोडणें किती धोक्याचें !” वस्तुतः तो धोका बाहेरच्या मोकळ्या हवेचा नसून आंतल्या आठ दिवसांचा असतो. कोंडणूकच अशा रीतीनें पुढच्या कोंडणुकीचें कारण बनते. जो घोडा रोज बाहेर जातो, तो दार उघडतांच बहुधा मान खालीं घालून चरूं लागतो.

या चक्रांतून सुटण्याचे उपाय ठाऊक आहेत, आणि ते फारसे अवघड नाहींत. सर्व कुरणें थोडथोडीं खराब करण्यापेक्षां एकच तुकडा हिंवाळ्यासाठीं खर्चीं घालावा व बाकीचे राखावे. फाटकापाशीं, पाण्याच्या कुंडाभोंवतीं व चारा टाकण्याच्या जागीं दगडखडी घालून जमीन पक्की करावी, कारण चिखल प्रथम तेथेंच होतो. कुरण नाहींच मिळालें, तर लांकडाचे तुकडे किंवा वाळू पसरलेल्या आवारांत दोन परिचित घोडे एकत्र सोडावे व सुकें गवत निरनिराळ्या ठिकाणीं टाकावें, म्हणजे तें शोधीत ते चालत राहतात. वारा अडविणारें दाट झाडांचें कुंपण किंवा तीन भिंतींची पडवी असली, तर निवाऱ्याचा प्रश्न सुटतो. कुंडावरचें बर्फ सकाळ-संध्याकाळ फोडावें. पायांचा चिखल रोज धुवून ते ओले ठेवण्यापेक्षां वाळूं द्यावा व मग ब्रशानें झाडून काढावा.

कायद्यानेंहि या बाबतींत आपला शब्द उच्चारला आहे. इंग्लंड व वेल्समधील २००६ सालच्या प्राणिकल्याण कायद्यानें जनावर सांभाळणाऱ्यावर त्याच्या पांच गरजा भागविण्याचें कर्तव्य घातलें : योग्य निवारा, योग्य आहार, स्वाभाविक वर्तनास वाव, सोबत किंवा आवश्यक तेथें एकांत, आणि दुःख व रोग यांपासून रक्षण. बाहेर किती तास सोडावें, याचा आंकडा त्यांत नाहीं. परंतु स्वाभाविक वर्तनास वाव द्यावयाचा म्हटल्यावर बारा फुटांच्या चौकोनाचें समर्थन करणें कठीण जातें.

खरी अडचण मधल्या माणसाची आहे. नोकरी करणारी स्त्री पहांटे अंधारांत यार्डावर येते, लीद काढते, चारा घालते व कचेरी गांठते. परतते तेव्हां पुन्हां अंधारच असतो. भाडें ती देते. जमिनीवर हुकूम मात्र यार्डाच्या धन्याचा चालतो. डिसेंबरांत फाटकास कुलूप लागल्यावर तिनें तक्रार केली, तर ‘दुसरी जागा पाहा’ एवढेंच उत्तर तिला मिळण्याचा संभव असतो. आणि भर हिंवाळ्यांत रिकामें ठाण कोठें मिळणार? म्हणून जाणते लोक हा प्रश्न उन्हाळ्यांतच विचारतात : हिंवाळ्यांत दिवसाला किती तास घोडा बाहेर असेल, कोणत्या जमिनीवर, कोणाच्या सोबतीनें, आणि कुरण बंद झालें तर त्याऐवजीं काय मिळेल? उत्तर करारांत लिहून घेतात. एक हिंवाळा पाहिल्याशिवाय यार्डाची परीक्षा होत नाहीं, असें त्यांचें म्हणणें असतें, व तें खोटें नाहीं.

घोड्यानें मनुष्याचीं ओझीं वाहिलीं, त्याच्या लढाया लढल्या, त्याचीं शेतें नांगरलीं. आज इंग्लंडमध्यें तो बहुतांशीं हौसेसाठीं पाळला जातो. हौसेच्या जनावरास चारा, झूल व औषध देण्यांत तेथील मालक हात आंखडता घेत नाहींत. परंतु जें त्याला सर्वांत अधिक हवें असतें, तें बाजारांत विकत मिळत नाहीं. रोजचे कांहीं तास मोकळी हवा, पायाखालीं चालावयास जमीन आणि शेजारीं आपल्या जातीचा एक सोबती, एवढेंच त्याचें मागणें आहे. तें मागणें त्याला बोलून दाखवितां येत नाहीं. म्हणून ज्याच्या हातांत दाराची कडी आहे, त्यानेंच तें ओळखावयाचें असतें.